नेते वादग्रस्त बाबांच्या पाया पडले तर सामान्य माणसाच्या हक्कांना खरंच धोका असतो का?

तुमचं म्हणणं असं, की नेता एखाद्या बाबाच्या पाया पडला तर तो त्याच्या श्रद्धेचा भाग झाला. त्यात तुमचं-आमचं काय जातं? 2015 पर्यंत मीही हेच म्हणायचो. मग बँकेने बदली केली आणि मी साताऱ्याहून थेट हरियाणातल्या पंचकुल्याला जाऊन पडलो. चार वर्षं काढली तिथे. म्हणून सगळ्या बाबांबद्दल न बोलता, जे जवळून पाहिलं त्या डेरा सच्चा सौदा या पंथाबद्दलच सांगतो.

आमच्या शाखेत एक पोरगा होता. डेराप्रमुख गुरमीत राम रहीमची नक्कल इतकी झकास करायचा की मॅनेजरसुद्धा हसू दाबत केबिनमध्ये पळायचे. जानेवारी 2016 मध्ये किकू शारदा या विनोदी नटाला टीव्हीवर हीच नक्कल केल्याबद्दल मुंबईतून उचलून हरियाणातल्या कैथलला नेलं. कलम 295अ, धार्मिक भावना दुखावल्याचं. जामीन मिळाला, डेऱ्याने माफही केलं म्हणे. पण कार्यक्रम दाखवल्यापासून अटकेपर्यंत तीन आठवडेही लागले नव्हते. आमच्या पोराने त्या दिवसापासून नक्कल बंद केली. त्याला कुणी धमकी दिली नव्हती, द्यावी लागलीच नाही.

आता दुसरा हिशेब बघा. 2002 मध्ये डेऱ्यातल्याच एका साध्वीने निनावी पत्र लिहून डेराप्रमुखावर बलात्काराचा आरोप केला. पत्र पंतप्रधान वाजपेयींच्या नावे होतं. डेऱ्याचं मुख्य ठाणं असलेल्या हरियाणातल्या सिरशातल्या ‘पूरा सच’ या छोट्या सांजदैनिकाने ते छापलं. संपादक रामचंदर छत्रपती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना घराबाहेर गोळ्या घातल्या, नोव्हेंबरमध्ये ते गेले. कुटुंबाचं म्हणणं, की त्यांनी इस्पितळात डेराप्रमुखाचं नाव घेतलं होतं, पोलिसांनी ते नोंदवलंच नाही. सीबीआय चौकशीसाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. बलात्काराच्या खटल्याचा निकाल लागायला 2017 उजाडलं. नकलेला तीन आठवडे, बलात्काराला पंधरा वर्षं. मधल्या काळात हरियाणात चौटालांचं, हुड्डांचं आणि खट्टरांचं अशी तीन वेगवेगळ्या पक्षांची सरकारं होऊन गेली, तेव्हा एकाच पक्षाच्या नावाने बोटं मोडून उपयोग नाही.

निकाल 25 ऑगस्टचा. त्याआधी दोन-तीन दिवस ‘प्रेमी’ (डेऱ्याचे अनुयायी स्वतःला प्रेमी म्हणवतात) पंचकुल्यात येऊन रस्त्यांवर, बागांमध्ये, दुभाजकांवर पथाऱ्या टाकून बसले होते. बायका, म्हातारी माणसं, कडेवर पोरं. बहुतेक गरीब, कष्टकरी. मी एका आजीला पाणी दिलं तर तिने मलाच आशीर्वाद दिला. या माणसांना मूर्ख म्हणणारी उत्तरं वाचली की मला राग येतो. ज्या गावात सरकारी दवाखाना नाही तिथे डेऱ्याचं शिबिर जातं, नवऱ्याची दारू सुटते, सत्संगात जात विचारत नाहीत. माणूस जाणारच की.

प्रश्न आहे तो शहरात जमावबंदी असताना एवढी गर्दी जमलीच कशी हा. कलम 144 चा जो आदेश काढला होता त्यात शस्त्रं आणायला बंदी होती, माणसं जमायला नव्हती. सरकारने नंतर ती लेखनिकाची चूक ठरवली! असला कारकून आमच्या बँकेत एक दिवस टिकला नसता. राम रहीमला बलात्काराचा दोषी ठरवणारा निकाल लागला आणि हाफेड चौकाच्या बाजूने धूर दिसायला लागला. 30 हून जास्त माणसं मेली, बहुतेक पोलिसांच्या गोळ्यांनी, आणि त्यात बरेचसे तेच पथारीवाले. ती आजी नंतर दिसली नाही. गावी पोचली असेल असं मी धरून चाललोय. दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयाने सरकारला झापलं, की मतांसाठी तुम्ही शरणागती पत्करलीत. आमचं मोबाइल इंटरनेट मात्र निकालाच्या आधीच बंद झालं होतं. म्हणजे जे घरात गप्प बसले होते त्यांच्यावर बंदी चोख बजावली गेली. शिक्षा सुनावायला न्यायाधीशांना हेलिकॉप्टरने रोहतकच्या तुरुंगात न्यावं लागलं.

आणि हे सगळं ज्या मतांसाठी चालतं ती मतं तरी कुठे पडतात? 2014 मध्ये डेऱ्याने उघडपणे भाजपला पाठिंबा दिला, त्याआधी उमेदवार सिरशाला दर्शन घेऊन आले होते. राज्य भाजपने जिंकलं खरं, पण खुद्द सिरसा जिल्ह्यातल्या पाचपैकी एकही जागा त्यांना मिळाली नाही. तरी ऑगस्ट 2017 मध्ये, निकाल तोंडावर आलेला असताना, शिक्षणमंत्री डेऱ्याला 51 लाख रुपये जाहीर करून आले. नेत्याला मतं मिळतील याची खात्री नसते, ती जातील याची भीती असते. बाबांचा धंदा या भीतीवर चालतो. 2007 मध्ये पंजाबात हाच डेरा काँग्रेसच्या बाजूला होता.

राम रहीमला मिळणाऱ्या पॅरोलबद्दलही, म्हणजे तुरुंगातून तात्पुरत्या सुटकेबद्दल, विचारलंय तुम्ही. मी पॅरोलच्या विरोधात नाही, कैद्यालाही घर असतं. हरियाणाच्या कायद्यात वर्षाला दहा आठवडे पॅरोल आणि तीन आठवडे फर्लो (कैद्याची ठरावीक रजा) बसते, त्यामुळे कागदावर चूक काढता येत नाही. (डेऱ्याच्या माजी व्यवस्थापकाच्या खुनाच्या खटल्यातून 2024 मध्ये उच्च न्यायालयाने राम रहीमला निर्दोष सोडलं, हेही सांगायला हवं. बलात्काराची वीस वर्षांची शिक्षा वेगळी.) पण फेब्रुवारी 2022 मध्ये पंजाबचं मतदान, हा बाहेर, वर झेड प्लस सुरक्षा. 5 ऑक्टोबर 2024 ला हरियाणाचं मतदान, हा तीन दिवस आधी बाहेर. 5 फेब्रुवारी 2025 ला दिल्लीचं मतदान, हा आठवडाभर आधी बाहेर. ज्या तुरुंग अधीक्षकाच्या कारकिर्दीत तो अनेकदा सुटला, ते सुनील सांगवान नोकरी सोडून भाजपमध्ये गेले आणि त्याच 2024 च्या निवडणुकीत चरखी दादरीतून आमदार झाले. यात बेकायदा काहीच नाही. त्याच तुरुंगातल्या, मामुली गुन्ह्यात अडकलेल्या एखाद्या कैद्याने आईच्या आजारपणासाठी अर्ज केला तर त्याला किती फेऱ्या माराव्या लागतात, तेवढं फक्त एखाद्या वकिलाला विचारून बघा.

2019 मध्ये माझी परत बदली झाली. निरोपाच्या जेवणात सगळ्यांनी त्या पोराला गळ घातली, आता तरी ती नक्कल होऊन जाऊ दे. बाबाला आत जाऊन दीड वर्ष होऊन गेलं होतं. तो हसत उठला, आधी जाऊन दाराबाहेर कोण आहे ते बघून आला, दार लावून घेतलं, आणि मग धर्मेंद्रची नक्कल केली.