मुक्तिफौज: ही कुठली फौज?

प्रश्न असा आला आहे: घरातल्या जुन्या कागदांत आजीच्या बाळंतपणाची नोंद आहे, ‘मुक्तिफौजेचा दवाखाना, अहमदनगर’. ही फौज स्वातंत्र्यलढ्यातली होती का? आणि ती ख्रिस्ती असेल, तर मराठी बायबलात ‘तारण’ हा शब्द असताना इथे ‘मुक्ति’ का?

आधी पहिल्या भागाचं उत्तर. हैदराबाद मुक्तिसंग्राम, गोवा मुक्ती यांच्याशी या फौजेचा काही संबंध नाही. मुक्तिफौज म्हणजे इंग्लंडात सुरू झालेली ‘साल्व्हेशन आर्मी’ ही ख्रिस्ती चळवळ; साल्व्हेशन म्हणजे तारण किंवा मुक्ती, आर्मी म्हणजे फौज. नगरचं बूथ हॉस्पिटल त्यांचंच, आणि आजींची नोंद बहुधा तिथलीच असावी. बूथ हे या चळवळीच्या संस्थापक घराण्याचं आडनाव.

विल्यम बूथ हे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या परंपरेतले इंग्रज प्रचारक. १८६५ साली पत्नी कॅथरीन यांच्यासह त्यांनी पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत काम सुरू केलं. दारूडे, बेघर, चर्चच्या दारात ज्यांना कुणी उभं करत नव्हतं अशी माणसं, हे त्यांचे श्रोते. त्या कामाला १८७८ मध्ये साल्व्हेशन आर्मी हे नाव मिळालं. त्याची कथा अशी सांगतात: अहवालाच्या मसुद्यात ‘आम्ही स्वयंसेवकांची फौज आहोत’ असं वाक्य होतं. मुलगा ब्रॅमवेल म्हणाला, मी स्वयंसेवक नाही, कायमचा शिपाई आहे. मग बूथ यांनी ‘स्वयंसेवक’ शब्द खोडून तिथे ‘साल्व्हेशन’ लिहिलं. पुढे सगळी परिभाषाच लष्करी झाली. प्रमुख तो जनरल, धर्मसेवक ते ऑफिसर, सभासद ते सोल्जर, स्थानिक मंडळी ती कोअर. कुणी वारलं तर त्याची ‘गौरवात बढती’ झाली असं म्हणतात. म्हणून कुणाच्या लग्नपत्रिकेत वधूपिता ‘मेजर’ दिसला तर तो सैन्यातलाच असेल असं धरून चालू नका. धर्मसेवकही असू शकतो, आणि बाईही असू शकते. बायकांना पुरुषांच्या बरोबरीने ऑफिसर करणं हे या चळवळीने त्या काळात उचललेलं फार मोठं पाऊल होतं, आणि त्यामागे कॅथरीन यांचा ठाम आग्रह होता. बाप्तिस्मा (ख्रिस्ती होताना पाण्याने करतात तो विधी) आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) हे मुक्तिफौज करत नाही. त्यामुळे इतर ख्रिस्ती मंडळींना ती बराच काळ परकी वाटली.

ही फौज भारतात उतरली ती मुंबईत, १९ सप्टेंबर १८८२ रोजी. माणसं चार. म्होरके फ्रेडरिक टकर, पंजाबात सनदी नोकरी केलेले आणि ती सोडून आलेले. वाद्यं वाजवत रस्त्यावर मिरवणुका काढल्या म्हणून पोलिसांनी त्यांना पकडलं. टकर यांना तुरुंगवासही झाला. कोलकात्यात ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांची बाजू जाहीरपणे घेतली. टकर यांनी भगवे कपडे घातले, फेटा बांधला, अनवाणी हिंडून भिक्षा मागितली आणि ‘फकीर सिंग’ हे नाव घेतलं. गोऱ्या साहेबाने असं राहणं राज्यकर्त्यांना किती खुपलं असेल, याची कल्पना करता येते.

आता शब्दाकडे. मराठी ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत ‘तारण’ म्हणतो, येशूला ‘तारणारा’ म्हणतो. बायबलात ‘सेनाधीश परमेश्वर’ आहे, म्हणजे ‘सेना’ही हाताशी होती. तरी ‘तारणसेना’ झाली नाही. मला याची दोन कारणं दिसतात. एक, रोजच्या मराठीत तारण म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू. सावकारीने पिचलेल्या कुळाला ‘तारण’ ऐकून आधी जमिनीचा तुकडा आठवणार. ‘मुक्ति’ मात्र कीर्तनातून, अभंगांतून प्रत्येकाच्या कानावर पडलेला शब्द. दुसरं, ही चळवळ मुंबईतून गुजरातेत आणि पंजाबातही पसरली. ‘फौज’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द या सगळ्या मुलखांत सारखाच समजतो. हिंदी आणि गुजरातीतही ‘मुक्ति फौज’च आहे, आणि गुजरातेत त्यांनी वसवलेल्या एका वसाहतीचं नाव मुक्तिपूर.

असंच दुसरं उदाहरण: ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारी चळवळ सुरू केली, तिचं नाव त्यांनी ‘देवाचा दरबार’ ठेवलं. फौज काय नि दरबार काय, दोन्ही शब्द मराठीत मुरलेले. चर्चच्या चौकटीबाहेर निघालेल्यांनी मिशनऱ्यांच्या पुस्तकी भाषेपेक्षा बाजारात आणि चावडीवर चालणारे शब्द उचलले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

केडगावचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन ही मात्र वेगळी संस्था. नावामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. १९०५ साली तिथे मुलींमध्ये जे आत्मिक जागरण झालं, त्याचा उल्लेख आज पेंटेकॉस्टल चळवळीच्या (पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती चळवळीच्या) जगाच्या इतिहासात येतो. मुक्तिफौजेचा त्याच्याशी संबंध नाही.

‘मुक्ति’ या शब्दाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. १९०८ पासून संयुक्त प्रांतात (मुख्यतः आजचा उत्तर प्रदेश) आणि पुढे पंजाबात या जमातींच्या वसाहती सरकारने मुक्तिफौजेकडे चालवायला दिल्या. तिथे शाळा होत्या, विणकाम होतं, औषधपाणी होतं, आणि बाहेर जायचं तर परवानगी लागत होती. सेवाभाव खरा होता, हे मी मनापासून मानतो. पण नावात मुक्ती असलेल्या संस्थेने सरकारसाठी माणसांवर पहारा ठेवला, हेही तितकंच खरं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, आणि त्या जमातींना जे नाव मिळालं ते ‘विमुक्त’. धातू तोच, मुच्. कोशात अर्थ देताना ‘मुक्तिफौज’ आणि ‘विमुक्त’ या दोन्ही नोंदी शेजारी असाव्यात असं मला वाटतं.

लेखनाचं म्हणाल तर समासात पहिलं पद तत्सम (संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं) आणि इकारान्त असल्याने ऱ्हस्व राहतं: मुक्तिफौज, एकत्र. सुटा शब्द मात्र मुक्ती. ‘फौज’ स्त्रीलिंगी, म्हणून ती मुक्तिफौज, मुक्तिफौजेचा, मुक्तिफौजेत. आजींच्या कागदावर लिहिलेलं रूप अगदी बरोबर आहे.