हात धुऊन धुऊन बोटं फुटली, आणि डॉक्टर म्हणतात व्हिडिओवर बघू

प्रश्न: मुलगा 10 वर्षांचा, पाचवीत. एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याचे आजोबा गेले, दवाखान्यात नेलं ते परत आलेच नाहीत, शेवटचं दर्शनही मिळालं नाही. तेव्हापासून हा दिवसातून तीस-चाळीस वेळा हात धुतो, बोटांना भेगा पडल्यात आणि दर वेळी विचारतो, "आई, झाले ना स्वच्छ?" मी हो म्हणते, पाच मिनिटांनी परत तेच. सासूबाई म्हणतात चांगलीच सवय आहे. पुण्याचे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर ट्रीटमेंट करू म्हणतात, पण मोबाईलवर मनाचा इलाज होतो का? की शाळा सुरू होईपर्यंत थांबू?
– एक आई, सातारा जिल्हा, जुलै 2021

उत्तर: ताई, थांबू नका. बाहेरून आल्यावर, जेवायच्या आधी 20 सेकंद साबण लावणं ही सवय, पण हात स्वच्छ आहेत हे दिसत असूनही मन मानत नाही आणि न धुता राहिलं की जीव घाबरा होतो, हे ओसीडीचं, म्हणजे नकोसा विचार परत परत येऊन तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचं, लक्षण वाटतं, नक्की काय ते डॉक्टर तपासून सांगतील.

ऑनलाइन इलाज खराच असतो. 25 मार्च 2020 ला, म्हणजे लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम काढले, त्यात लहान मुलाच्या कॉलला सोबत मोठं माणूस हवं असं स्पष्ट आहे. आणि या आजारात तर व्हिडिओचा फायदाच होतो, कारण ज्या बेसिनपाशी तो अडकतो ते बेसिन तुमच्या घरात आहे, माझ्या क्लिनिकमध्ये नाही. तिथेच सराव करायचा. आधी सोपं, म्हणजे दाराच्या कडीला हात लावून पाच मिनिटं न धुता बसायचं, भीती दहापैकी किती ते त्यानेच सांगायचं, ती आपोआप उतरते हे त्याला स्वतःला दिसलं पाहिजे, मग वेळ वाढवायची. त्रास जास्त असेल तर फ्लुऑक्सेटिनसारखं औषधही देतात, पण त्याचा गुण यायला काही आठवडे जातात.

तुमचं "हो, झाले स्वच्छ" हे मायेपोटी आहे, कळतं मला, पण त्याने घटकाभर बरं वाटतं आणि प्रश्न परत येतो. एकदम बंद करू नका, तो बिचारा घाबरेल. आधी डॉक्टरांसमोर दोघांचं ठरू दे, मग म्हणा, "हा प्रश्न आजार विचारतोय, आपण थोडं थांबून बघू." रागावून नळ बंद करणं तर नकोच.

आजोबांचं राहिलंच. या वयाची मुलं मनात धरून बसतात की माझ्यामुळेच झालं, मी शाळेतून-खेळून आलो आणि हात धुतले नाहीत म्हणून. त्याने तसं म्हटलं नसेल, तरी एकदा शांतपणे विचारा. आजोबांचा फोटो काढा, तो बोलेल तेवढं बोलू दे, तुम्हाला रडू आलं तर येऊ दे, त्याच्यापासून लपवू नका.

कॉलच्या वेळी सासूबाईंना दहा मिनिटं सोबत बसवा, डॉक्टरांकडून ऐकलेलं त्यांना पटेल, नंतर मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलायला खोली द्या, इयरफोन द्या. पण जेवण सोडलं, झोप उडाली किंवा "मला जगायचंच नाही" असं काही बोलला, तर कॉलची वाट बघू नका, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. आणि बोटांच्या भेगांना रोज रात्री व्हॅसलिन लावा, आग होत असेल त्याला.