शनिवारी सकाळी मानपाड्याच्या बसस्टॉपवर

प्रश्न : माझी मुलगी नवी मुंबईतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. तिचा सीजीपीए ८.१ आहे. एम-फोरला, म्हणजे गणिताच्या चौथ्या पेपरला, केटी लागली होती, ती सुटली. पुढच्या वर्षी प्लेसमेंट, आणि हिने डोक्यात घेतलंय की नोकरी नको, संशोधन करायचं, तेही शहराच्या वाहतुकीवर. लॅपटॉपवर रस्ते काढते आणि त्यावर गाड्या पळवते. मला तर तो व्हिडिओ गेम वाटतो. एकदा जेवताना म्हणाली, अर्धा तास बस येत नाही आणि मग तीन एकदम येतात, त्याचं कारण शोधतेय. मी म्हटलं, कारण कसलं, ड्रायव्हर चहा पीत बसतात.

गेले दोन महिने शनिवारी सकाळी 'मैत्रिणीकडे जाते' सांगून निघते. तिच्या फोनचं लोकेशन मला दिसतं. मैत्रीण कळव्याची आणि ठिपका दोन-दोन तास मानपाड्याला. शेवटी एका शनिवारी मी रिक्षा करून मागे गेलो. ही स्टॉपवर एकटीच उभी होती, हातात पॅड, बस मोजत होती. मी रिक्षा तशीच वळवून घरी आलो. तिला काही बोललो नाही, पण तेव्हापासून झोप नाही. माझी खाजगी नोकरी, निवृत्तीला चार वर्षं, घराचे हप्ते चालू, धाकटा दहावीत. तुम्ही तिला समजवा की आधी नोकरी, मग हे शौक.
— एक वडील, ठाणे पश्चिम

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी त्या रिक्षापाशी अडले. बाकीचं सगळं, प्लेसमेंट, सीजीपीए, हप्ते, हे माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या पत्रात असतं. रिक्षा नसते.

मुलगी एक सांगते आणि ठिपका भलतीकडेच दिसतो, तेव्हा बापाच्या मनात काय काय येऊन गेलं असेल ते तुम्ही लिहिलं नाहीत तरी मला कळतं. मागे गेलात, तेही मी समजू शकते. पण तिथे पोचल्यावर समोर काय दिसलं? भर रहदारीत एकटी उभी राहून काम करणारी तुमची लेक. मनातली भीती जागच्या जागी खोटी ठरली होती. खाली उतरून 'काय गं, काय मोजतेस?' एवढं विचारलं असतंत तरी पुरे होतं. तुम्ही रिक्षा वळवलीत. आणि सुटकेचा श्वास टाकायच्या ऐवजी तुमची झोप उडाली. मला वाटतं, ती वाईट संगतीत दिसली असती तर काय करायचं ते तुम्हाला ठाऊक होतं. रागावला असतात, फोन काढून घेतला असतात. ती मनापासून काहीतरी करते आहे आणि ते आपल्याला समजत नाही, यावर काय करायचं हे मात्र आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

दुसरी गोष्ट जास्त लागली. वीस वर्षांच्या मुलीला बस मोजायला जाताना मैत्रिणीचं नाव का पुढे करावं लागलं? सिनेमाला चोरून जाणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. अभ्यासाला चोरून जावं लागणारी मुलगी म्हणजे घरात काहीतरी फार चुकलं आहे. जेवताना तिने तुम्हाला तिचा प्रश्न सांगितला होता. त्यावर तुम्ही ड्रायव्हरच्या चहाचं उत्तर दिलंत. त्यानंतर तिने घरात विषय काढला नसेल, तर दोष तिचा नाही.

आणि तिचं लोकेशन पाहता, त्याबद्दलही बोलायलाच हवं, कारण तो तिच्याच अभ्यासाचा विषय आहे. २०१३ साली संशोधकांनी १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या नोंदी तपासल्या. नावं काढून टाकलेली होती, उरलं होतं फक्त कोणत्या तासाला फोन कोणत्या टॉवरपाशी होता एवढंच. तरी त्यांतली कुठलीही चार ठिकाणं-वेळा हातात असल्या की शंभरातल्या ९५ जणांचा माग इतरांपासून वेगळा ओळखता येत होता. ठिपक्यांमध्ये एवढी ताकद असते, म्हणून ते कुणी, कुणाला विचारून आणि कशासाठी पाहावेत हा आज या क्षेत्रातला मोठा प्रश्न आहे. पण माणूस तिथे का उभा आहे, हे ठिपका सांगत नाही. मानपाड्याचा ठिपका दोन महिने तुमच्यासमोर होता, आणि तुम्ही त्याचा अर्थ साफ चुकीचा लावलात. त्यासाठी तिथे जावंच लागलं. तुमची मुलगी शनिवारी तिथे जाते तेही त्याचसाठी: स्क्रीनवर दिसतं ते रस्त्यावर खरं आहे का, हे बघायला.

आता त्या तीन बसबद्दल. ड्रायव्हर चहा पीत नसतात हो. समजा, दर दहा मिनिटांनी एक बस सुटते आहे. त्यातली एक कापूरबावडीच्या सिग्नलला दोन मिनिटं जास्त अडकली. पुढच्या स्टॉपवर आता दहाऐवजी बारा मिनिटांची माणसं जमली. ती चढेपर्यंत बस आणखी मागे पडली, म्हणजे त्याच्या पुढच्या स्टॉपवर आणखी गर्दी. तिच्या मागून येणाऱ्या बसला मात्र प्रत्येक स्टॉप अर्धा रिकामाच मिळतो, ती भराभर पुढे सरकते आणि थोड्या वेळात पुढचीला गाठते. तिसरीही तशीच येऊन चिकटते. कुणीच कामचुकारपणा केलेला नाही, तरी स्टॉपवरचा माणूस अर्धा तास उभा. नेवेल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी हे १९६४ साली गणिताने मांडलं. मागची बस एखाद्या थांब्यावर मुद्दाम थोडी रोखून धरायची, हा त्यावरचा एक उपाय आहे. पण कोणत्या थांब्यावर आणि किती वेळ? आत बसलेल्या साठ माणसांना रोज वेगवेगळं थांबवून बघता येत नाही. ते आधी कॉम्प्युटरवर करून बघावं लागतं.

म्हणजे ज्याला तुम्ही व्हिडिओ गेम म्हणता, तिथे. हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही, प्लेसमेंटच्या मुलाखतीतही मुलांना हा प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. गेममध्ये गाडी कशी पळावी हे खेळणाऱ्याला मजा यावी म्हणून ठरवलेलं असतं. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे खऱ्या रहदारीच्या कॉम्प्युटरवरच्या नकलेत, गाडीला चार साधे नियम देतात आणि मग हात मागे घेतात. १९९२ साली नागेल आणि श्रेकेनबर्ग या जर्मनीतल्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी रस्त्याचे साडेसात-साडेसात मीटरचे चौकोन पाडले. एका चौकोनात एक गाडी किंवा मोकळी जागा. नियम असे की वेग एकाने वाढव. पुढे जागा कमी असेल तर तेवढाच ठेव. अधूनमधून, काही कारण नसताना, एकाने कमी कर. आणि तेवढे चौकोन पुढे जा. बस्स. एवढ्यावर खऱ्या रस्त्यासारखी कोंडी तयार होते, अपघात नाही, खड्डा नाही, सिग्नल नाही. तिसरा नियम काढून टाकला, म्हणजे माणसाची ती क्षणभराची चूक काढली, की अशी आपोआप उगवणारी कोंडी नाहीशी होते. हे फक्त पडद्यावरच घडतं का? २००८ साली जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या एका गोल रस्त्यावर २२ खऱ्या गाड्या एका वेगाने चालवायला सांगितल्या. थोड्याच वेळात कोंडी झाली आणि ती लाटेसारखी मागे मागे सरकत गेली. पडद्यावर जे दिसतं ते रस्त्यावरच्या मोजणीशी जुळलं तर ठेवायचं, नाही जुळलं तर आपले नियम चुकले असं म्हणून पुन्हा बसायचं. मानपाड्याच्या स्टॉपवर उभं राहण्याचं कारण हेच. गेम खेळणारं पोर शनिवारी सकाळी पॅड घेऊन रस्त्यावर जात नाही.

तिच्या लॅपटॉपवर बहुतेक सुमो असेल. जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संशोधन संस्थेने बनवलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून आपल्या भागातले रस्ते त्यात आणता येतात. पण असली बरीचशी साधनं लेन पाळणाऱ्या रहदारीसाठी घडली आहेत. घोडबंदर रोडला काय होतं ते तुम्ही रोज बघता. दुचाकी दोन गाड्यांच्या फटीतून पुढे येऊन सिग्नलला पहिली उभी राहते. स्टॉपच्या पुढ्यात रिक्षांची रांग, म्हणून बस मधल्या लेनमध्ये थांबते आणि माणसं रस्ता तुडवत तिच्याकडे धावतात. सुमोमध्ये लेनच्या आतली दाटीवाटी दाखवायची सोय आता आहे, पण ती आपल्या रस्त्यांना कितपत लागू पडते हे कुणीतरी इथे उभं राहून मोजायलाच हवं. हे काम बर्लिनला बसून होणार नाही. ठाण्याच्या मुलीने ते करावं यासारखं दुसरं काय हवं!

एवढं बोलून झाल्यावर तिचीही बाजू जरा तपासते. केटीचा उल्लेख तुम्ही एका ओळीत उरकलात. सगळ्या पत्रात मार्कांपैकी मला तेवढीच गोष्ट खुपली. एम-फोरमध्ये प्रोबॅबिलिटी आणि सॅम्पलिंग असतं, आणि या विषयाचा पाया तोच आहे. दोन महिने मोजलेल्या बस पुरेशा आहेत का, पावसातला एक शनिवार धरायचा की सोडायचा, पडद्यावरचा आकडा आणि पॅडवरचा आकडा यांतला फरक खरा की योगायोगाचा, हे सगळं तिथून येतं. केटी सुटली म्हणजे विषय सुटला असं नाही. प्रोग्रॅमिंग येतं म्हणून गाड्या पळतील, पण संख्याशास्त्राशिवाय तिला कुणी पीएचडीला उभं करणार नाही. तिने ते पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढावं. हे तिला जरूर वाचून दाखवा.

परीक्षांचं थोडक्यात : गेट ही एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा ती तिसऱ्या वर्षातच देऊ शकते, कॉम्प्युटरचा पेपर घ्यावा, आणि विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचा अर्ज चुकवू नये. संस्थांसाठी खाडीसुद्धा ओलांडायची गरज नाही. पवईला आयआयटीत सिव्हिल विभागात वाहतुकीवर काम चालतं, शिवाय शहरांच्या अभ्यासाचं वेगळं केंद्र आहे. बंगळुरूच्या आयआयएससीमध्येही वाहतूक आणि शहर नियोजनाचं केंद्र आहे, दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटीही या विषयात आहेत. कॉम्प्युटरची पदवी घेऊन अशा ठिकाणी जाता येतं. अर्ज करताना लांबलचक हेतुपत्र पाठवू नये. दोन महिन्यांच्या मोजणीचा एक आलेख आणि त्याखाली स्वतःचा एक प्रश्न, एवढं एका पानावर पुरतं.

पैशाचं आता स्पष्ट बोलू. गेटवर एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये मिळतात. पीएचडीला जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे, वर घरभाडं. ती स्वतःचं पोट भरेल, तुमच्याकडे मागणार नाही. पण घराचे हप्ते त्यातून निघणार नाहीत, आणि आयटीत गेलेल्या तिच्या वर्गमैत्रिणी पाच वर्षांनी तिच्यापेक्षा बरंच जास्त कमावत असतील. हे मी गोड करून सांगणार नाही. पुढे कायमच्या प्राध्यापकाच्या जागाही मोजक्याच आहेत. मात्र नकाशे, टॅक्सी, मालवाहतूक, मेट्रो, शहर नियोजन या सगळ्यांना रहदारीचा डेटा वाचणारी माणसं लागतात, म्हणजे पीएचडीनंतर फक्त मास्तरकी हेही खरं नाही.

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की तुमचे हप्ते तिच्या पगारावर अवलंबून आहेत का. असतील, तर ते तिला 'शौक' हा शब्द न वापरता, पासबुक समोर ठेवून सांगा. किती राहिलेत, कधी संपतात, निवृत्तीनंतर हातात काय येईल, धाकट्याला किती लागेल. ती आकड्यांचं काम करते, तिला आकडे कळतात. ती स्वतःहून म्हणाली की दोन वर्षं नोकरी करून मग जाते, तर त्यात काही वाईट नाही, नोकरी करून संशोधनाकडे वळलेली माणसं खूप आहेत. पण ते तिने ठरवलं पाहिजे. आणि हप्ते तिच्यावर अवलंबून नसतील, तुमचे तुम्ही फेडू शकत असाल, तर त्यांचं ओझं तिच्या डोक्यावर ठेवू नका. चार वर्षांनी निवृत्त व्हायची भीती तुमची आहे आणि ती खरी आहे. त्या भीतीबद्दल तुम्ही तुमच्या पत्नीशी, भावाशी, बँकेतल्या माणसाशी बोला. मुलीच्या प्लेसमेंटने ती जाणार नाही.

तिला समजवायचं काम मी करणार नाही. मी तिला भेटले तर तिच्या पॅडवरचे आकडे बघायला मागेन आणि एम-फोरचं विचारेन, बाकी काही नाही. घरातलं काम तुमचं आहे. शुक्रवारी रात्री तिला सांगा की मी तुझ्या मागे आलो होतो. ती चिडेल. चिडू द्या. लोकेशनचं बटण तिच्यासमोर बंद करा, पुन्हा सुरू करायचं असेल तर ती करेल. मग विचारा, उद्या मी आलो तर चालेल का.

हो म्हणाली तर तुमचा उपयोगच होईल, कारण हे मोजणं एका माणसाचं काम नाही. एकाने बसचा नंबर आणि थांबल्याची-सुटल्याची वेळ लिहायची, दुसऱ्याने किती चढले आणि गर्दीमुळे किती खालीच राहिले ते मोजायचं. एकटीला दोन्ही जमत नसणार, म्हणून तिच्याकडे आजवर एकच रकाना भरला असेल. तुम्ही दुसरं पॅड घ्या, दरवाजाजवळ उभे राहा. आठच्या आधी पोचा. पहिली बस चुकली की दुसरी तिच्यापासून किती मिनिटांनी आली ते लिहिता येत नाही.