न्यूयॉर्कला जायला ग्रीनलंडवरून कशाला?

प्रश्न : कप्तानसाहेब, मुलगी न्यूजर्सीला असते, जानेवारीत तिच्याकडे जायचंय. तिकिटावर लिहिलंय, १२ तारखेला रात्री १.३० ला मुंबईहून निघून त्याच दिवशी सकाळी ७ ला न्यूयॉर्क. म्हणजे साडेपाच तास? आणि येताना सकाळी ११.३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३०! वर नातू म्हणतो, वाट ग्रीनलंडकडून आहे. भिंतीवरच्या नकाशात तर अरबस्तान, आफ्रिका ओलांडली की समोर अमेरिका.
– एक आजी, गुहागर

उत्तर : ताई, तिकीटही बरोबर आणि नातूही. वेळा छापतात त्या त्या त्या गावच्या घड्याळाच्या. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. तिथे सकाळचे ७ म्हणजे गुहागरात संध्याकाळचे ५.३०. जाताना १६ तास, येताना साडेचौदा. (मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात. परतीचं तिकीट त्यानंतरचं असेल तर हिशेब साडेनऊ तासांनी करा.)

आता ग्रीनलंड. जहाजावर आमची निम्मी नोकरी याच हिशेबात गेली. नातवाला शाळेतला पृथ्वीगोल मागून आणायला सांगा आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. दोरा अफगाणिस्तान, रशिया, स्कँडिनेव्हिया करत आइसलँडवरून जाईल आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून कॅनडात उतरेल. हे अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. तुमच्या नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली तर वाट सहारा वाळवंटावरून जाते आणि भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. गोल पृथ्वी कागदावर सपाट करताना उत्तरेकडचा भाग ताणावाच लागतो, म्हणून जवळची वाट तिथे वाकडी दिसते. आम्ही तिला ग्रेट सर्कल म्हणायचो.

अर्थात विमान दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून त्यांना आधी अरबी समुद्रावरून वळसा पडू लागला. वारा पाहूनही वाट रोज नव्याने आखतात.

जाण्यायेण्यातला दीड तासाचा फरक त्या वाऱ्याचाच. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोत वाहतो, हिवाळ्यात तर ताशी २०० किलोमीटरच्याही वर. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० च्या आसपास. ओहोटीच्या वेळी दाभोळच्या खाडीत आत शिरणारी होडी बघा, इंजिन तेवढंच ओरडतं पण किनारा सरकत नाही. तीच होडी बाहेर पडताना कशी सुटते! जाताना तुम्ही आत शिरणार, येताना बाहेर पडणार.

पण ताई, मला खरी काळजी त्या रात्रीच्या १.३० ची आहे. १२ तारखेचे १.३० म्हणजे ११ तारखेची जेवणं झाल्यावरची रात्र. १२ ला संध्याकाळी बॅगा घेऊन विमानतळावर पोचणारे भले शिकलेले लोक मी पाहिलेत. तीन तास आधी, म्हणजे ११ ला रात्री १०.३० ला तुम्ही तिथे हव्यात. त्यासाठी त्याच दिवशीची गाडी धरू नका. चिपळूणहून गाडी उशिरा सुटली आणि महामार्गही तुंबला, तर विमान थांबत नाही. १० तारखेलाच निघा, मुंबईत कुणा नातेवाइकाकडे रात्र काढा. आणि तिकिटावर तारखेखाली लाल पेनाने लिहून ठेवा : ११ च्या रात्री.