कोकणातल्या जुन्या चिरेबंदी घराचा गिलावा सारखा सुटतो, धुराड्याजवळ गळतं. सगळं सिमेंटनं करून घ्यावं का?

नको. आणि येत्या मे महिन्यात तर मुळीच नको.

तुम्ही लिहिलंय की वेंगुर्ल्याचं घर आजोबांच्या वेळचं, जांभ्या चिऱ्याचं आहे. पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा दर दोन-तीन वर्षांनी पोपडे धरून पडतो, स्वयंपाकघराच्या धुराड्याला लागून कौलांतून गळतं, आणि गवंडी म्हणतोय की जुना चुना खरवडून सगळीकडे वॉटरप्रूफिंग घातलेलं सिमेंट मारू. मी याच पट्ट्यात जुन्या घरांची दुरुस्ती करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

चिरा पाणी पितो. आयएस 3620 हे भारतीय मानकसुद्धा बांधकामाच्या चिऱ्याला वजनाच्या 12 टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा देतं. त्यात समुद्राकडून येणाऱ्या झडीबरोबर मीठ येतं, जमिनीतून ओल चढते. पावसाळा संपला की हे पाणी बाहेर निघू लागतं. गिलावा चुन्याचा असेल तर ते त्यातून उडून जातं आणि मीठ पृष्ठभागावर साठतं, हाच लोणा. चुना हळूहळू भुगा होऊन झडतो, पण आतला चिरा शाबूत राहतो. म्हणजे झिजायचं काम गिलाव्याकडे असतं आणि गिलावा पुन्हा करता येतो. वर घट्ट सिमेंट मारलंत की पाण्याची ती वाट बंद होते. मीठ गिलाव्याच्या पाठीमागे, थेट चिऱ्याच्या अंगावर स्फटिक धरतं आणि जागा करत फुगतं. मग सिमेंटची खपली पडते ती चिऱ्याचा पापुद्रा घेऊनच. दोन-तीनदा असं झालं की भिंतीची जाडीच कमी होते, आणि ती परत मिळत नाही.

मग गिलावा काढून चिरा उघडाच ठेवावा का? होमस्टेवाल्यांमुळे हल्ली ही आवड वाढली आहे. त्यावर माझं उत्तर जुन्या गोव्याचं. तिथलं बॉम जेझू बॅसिलिका हे चर्च 1605 साली पूर्ण झालं आणि त्याच्या जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता. 1950च्या दशकात तो काढून दगड उघडा केला गेला. आज लोकांना तो लाल रंगच मूळचा वाटतो. पण उघडा जांभा पावसानं झिजत राहिला, आणि 2020 मध्ये तिथल्या रेक्टरनी, म्हणजे प्रमुख पाद्रींनी, गिलावा परत करावा अशी जाहीर मागणी केली. पश्चिमेची झड खाणारी भिंत उघडी ठेवू नका. आतल्या, कोरड्या भिंतीचा चिरा दिसू द्यायला हरकत नाही.

आता काम. गवंड्याला हात लावू देण्याआधी पाणी कुठून येतंय ते पाहा. माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त घरांत दोष भिंतीत नसतो, अंगणात असतो. शेणानं सारवलेल्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, कोबा केला, अंगणाची पातळी जोत्याला येऊन भिडली. मग पागोळ्यांचं पाणी आणि त्याचे शिंतोडे सरळ भिंतीत जातात. जोत्यालगतचा कोबा फोडा, तिथे खडी भरा, पाण्याला उतार द्या, वळचणीला पन्हळ बसवा. पूर्वी पावसाआधी पश्चिमेला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधत. ती पद्धत आजही उत्तम आहे आणि फार स्वस्तही.

लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा आणि ती पूड गोळा करून लांब टाकायची. पाण्यानं धुतलात तर मीठ पुन्हा भिंतीत जातं. पोकळ वाजणारा गिलावाच काढा, घट्ट असलेला राहू द्या. सांधे छिन्नी-हातोडीनं इंचभर खोल कोरून चुन्यानं भरा, यालाच दर्जा भरणं म्हणतात; ग्राइंडर अजिबात चालवू देऊ नका, तो चिऱ्याच्या कडा खातो. कळीचा, म्हणजे भट्टीतून आलेला कोरडा चुना पाण्यात विरवून निदान पंधरा दिवस पाण्याखाली मुरू द्या. विरवताना तो उकळतो, म्हणून लोखंडी पिंप वापरा, पाण्यात थोडा थोडा चुना सोडा, डोळ्यांना चष्मा हवाच आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नका. एक भाग चुना, अडीच भाग वाळू आणि बाहेरच्या भिंतीसाठी थोडी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. वाळू नदीची किंवा चांगली धुतलेली आणि पाणी गोडं हवं. पुळणीवरची, म्हणजे समुद्रकिनाऱ्याची वाळू म्हणजे पुढच्या वर्षीचा लोणा विकत आणणं. थर अर्ध्या इंचाहून जाड नको, आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. वरून प्लास्टिक पेंट नको, चुन्याची सफेदीच द्या.

धुराड्याची गळती बहुतेक वेळा कौलं आणि धुराडं जिथे भेटतात त्या सांध्यात असते. तिथे सिमेंटचा गोळा थापतात. पण लाकडी छप्पर उन्हापावसानं हलतं, धुराडं हलत नाही, म्हणून तो दरवर्षी तडकतो. पत्र्याची पट्टी एका बाजूनं धुराड्याच्या सांध्यात खोचून दुसऱ्या बाजूनं कौलांवर मोकळी उतरवा. साधा जस्ती पत्रा खाऱ्या हवेत फार टिकत नाही, तांब्याचा परवडला तर उत्तम. चढाच्या बाजूला पाणी तुंबणार नाही असा उतार द्या. धुराड्याच्या तोंडावर टोपी बसवा, नाहीतर पाऊस आत जाऊन काजळीत मुरतो आणि ते आंबट पाणी सांधे खातं. धुराड्याला आतून तडा दिसला आणि शेजारी वासा असेल, तर तो बुजेपर्यंत चूल पेटवू नका. ठिणगी लाकडापर्यंत पोहोचायला तेवढी फट पुरते.

मे महिन्याबद्दल सुरुवातीला म्हटलं ते यासाठी: चुना हवेतून हळूहळू कडक होतो, त्याला महिने लागतात. चाकरमानी रजा मे महिन्यात काढतात, गवंडीही तेव्हाच मिळतो, आणि कच्च्या गिलाव्यावर जूनचा पाऊस कोसळतो. दोष मात्र चुन्याला लागतो. काम दिवाळीनंतर काढा, शिमग्याआधी संपवा. या मेमध्ये पन्हळ, कौलं, धुराड्याची पट्टी आणि अंगण एवढंच करा. हा पावसाळा भिंत कशी राहते ते पाहा, कदाचित गिलाव्याचं काम तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मंच निघेल.

भेग सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढत असेल किंवा दारावरच्या नव्या स्लॅबपट्टीतली सळई गंजून काँक्रीट फुगलं असेल, तर तो गिलाव्याचा प्रश्न नाही. तिथे आधी टेकू लावा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा.