वाचकांचे प्रश्न : लवकर मिळालेली निवृत्ती आणि जुने व्यापारी मार्ग

प्रश्न : मी बावन्नाव्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. यजमानांची नोकरी अजून बाकी असल्यामुळे लांबचे प्रवास तूर्त शक्य नाहीत. एक-दोन दिवसांच्या सहली मात्र जमतात. चित्रकला, बागकाम, योगवर्ग असे बरेच काही सुरू केले आणि बहुतेक सोडून दिले. इतिहासाची आवड आहे, परंतु लढाया आणि किल्ले यांपेक्षा माल कुठून कसा जात होता आणि पैसा कसा फिरत होता, याचे कुतूहल अधिक वाटते. या आवडीचा छंद कसा जोपासावा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सुटलेल्या छंदांची खंत बाळगू नका. केवळ वेळ भरण्यासाठी धरलेला छंद फार दिवस टिकत नाही. एखाद्या प्रश्नाचा माग काढणारा छंद पुढचे काम स्वतःच सुचवतो, आणि तसा प्रश्न तुमच्याजवळ आधीच आहे. म्हणून पाहण्याजोग्या ठिकाणांची यादी करण्याऐवजी एकच व्यापारी मार्ग निवडावा आणि वर्षभर त्याचाच पाठपुरावा करावा, असे मी सुचवीन.

पुण्याहून सर्वांत सोयीचा मार्ग जुन्नरचा. देशावरचा माल जुन्नरहून नाणेघाटाने कोकणात उतरून कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे जात असे. घाटघरमार्गे आज गाडी घाटमाथ्यापर्यंत पोचते. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा, साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण (त्या काळचे नाणे) यांचे आकडे त्यात नोंदलेले असून, भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे सर्वजण सांगतात. ते संभवनीय आहे, पण लेण्यातला लेख जकातीविषयी काही सांगत नाही. लोकांत रूढ असलेली माहिती आणि दगडावर कोरलेली माहिती वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहिण्याची सवय येथूनच लावून घ्या. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तेथे उभे राहायला जागा मिळत नाही. तुम्हाला आता मंगळवार-बुधवार मोकळे आहेत, त्याचा पुरेपूर फायदा घ्यावा.

जुन्नरभोवतीची लेणी त्याच फेरीत घाईने उरकू नका. बांबूकाम करणारे, कासार अशा कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवलेल्या देणग्यांचे उल्लेख तेथील लेखांत आहेत. मानमोडी आणि लेण्याद्री यांना प्रत्येकी एक दिवस द्यावा.

मात्र बँकेत आयुष्य गेलेल्या व्यक्तीने सर्वांत आधी वाचावा असा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यांपैकी २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने गुंतवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट होती. पहिल्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे होते. हिशेब करून पाहा : २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि वीस गुणिले बारा तेवढेच. मुदत ठेवीच्या व्याजावर महिना भागवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा लेख फारसा परका वाटू नये! विणकरांची संघटना ठेवी स्वीकारून त्यांवर नियमित व्याज देत होती, याचा अर्थ त्यांच्या कापडाला खात्रीचे गिऱ्हाईक होते, हा निष्कर्ष तुमच्यासारख्या वाचकाला इतरांपेक्षा लवकर सुचेल.

ते कापड कुठे जात असे, याचा धागा पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात सापडतो. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पुस्तिकेत पैठण आणि तेर येथून गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे माल जात असल्याचे लिहिले आहे : पैठणहून मौल्यवान खडे, तेरहून जाडेभरडे आणि तलम कापड. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची सहल यजमानांना सुट्टी असेल तेव्हा, दोन दिवसांची आखावी. तेथील लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती इटलीत, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात मिळाली. निघण्यापूर्वी संग्रहालय उघडे असल्याची खात्री करून घ्यावी.

घरी बसून करण्याजोगे कामही हवे. ब्राह्मीची मुळाक्षरे शिकायला अवघड नाहीत, आणि ती ओळखू येऊ लागल्यावर लेण्यांतल्या फेऱ्यांना वेगळाच रंग चढतो. पेशवाईतल्या पेठा, हुंड्या आणि सावकारी यांकडे तुमचा ओढा असेल, तर मात्र ब्राह्मीऐवजी मोडी शिका. त्या काळातली कागदपत्रे प्रामुख्याने मोडीत आहेत, आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ तर तुमच्या पुण्यातच आहे. दोन्ही लिप्या एकदम सुरू करू नयेत. सोडून दिलेल्या छंदांच्या यादीत आणखी दोहोंची भर पडेल.