पैसे नव्हते म्हणून गोट्या गेला का?

ताई, आमचा गोट्या, चार वर्षांचा बोका, गेल्या महिन्यात गेला. संध्याकाळपासून ट्रेमध्ये जाऊन नुसता बसत होता, ओरडत होता, मला वाटलं शी अडकलीय. रात्री क्लिनिकमध्ये नेलं तर डॉक्टर म्हणाल्या लघवी ब्लॉक झालीय, आत्ताच ॲडमिट करा, आणि एस्टिमेटचा कागद पुढे केला. आकडा बघून माझे कानच गरम झाले. तेवढे नव्हतेच. पण मागे लोक बसलेले, बोलवेना. 'घरी विचारते, सकाळी आणते' म्हटलं आणि निघाले. सकाळी उसने घेऊन नेला तेव्हा अंगात त्राणच नव्हतं, दुपारी गेला. बिलातले थोडे द्यायचे राहिलेत, क्लिनिकमधून दोनदा फोन आला, मी उचलला नाही. जाऊबाई म्हणतात ऐपत नसेल तर प्राणी पाळूच नयेत. घरात अजून चिमी आहे. तिला देऊन टाकू का कुणाला?
– गोट्याची आई

गोट्याची आई,

आधी एक सांगते, तू संध्याकाळी जे बघितलंस ते जवळजवळ प्रत्येकालाच बद्धकोष्ठ वाटतं. बोका ट्रेमध्ये जातो, पाठ वाकवून बसतो, काहीच होत नाही, बाहेर येतो, खालची जागा चाटतो, पुन्हा आत. सगळे म्हणतात पोट साफ होत नाहीये. तू त्याच रात्री नेलंस, बरेचजण दुसऱ्या दिवसाची वाट बघतात.

आता तुझा प्रश्न. मी गोड बोलून टाळणार नाही, कारण टाळलं तर तू रात्रभर स्वतःच उत्तर देत बसशील आणि ते खऱ्यापेक्षा वाईट असेल. हो, ते मधले तास महागात पडले असणार. बोक्याची लघवीची नळी फार अरुंद असते, त्यात बारीक खडे किंवा चिकट गठ्ठा अडकला की मूत्राशय फुगत जातं, किडनीवर उलटा दाब येतो, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि शेवटी हृदयाचे ठोके मंद होऊन बिघडतात. पूर्ण ब्लॉक असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, आणि तू नेलंस तेव्हा तो कधीपासून अडकला होता हे तुलाही माहीत नव्हतं. त्याच रात्री ॲडमिट होऊनही काही बोके जातात, काही सुटून घरी येतात आणि पुन्हा ब्लॉक होतात. पण मला विचारशील तर पैसे नव्हते ही या गोष्टीतली सगळ्यात मोठी अडचण नव्हतीच. पैसे नाहीत हे तोंडातून निघालं नाही, ती होती.

अगं, तो एस्टिमेटचा कागद म्हणजे हुकूम नसतो! तो बहुतेक वेळा 'सगळं नीट करायचं तर' या हिशोबाचा असतो, म्हणजे रक्ततपासणी, भूल, कॅथेटर (लघवी मोकळी करायला आत घालतात ती बारीक नळी), सलाईन, एक्स-रे, दोन-तीन दिवस ॲडमिट, रात्रीचा स्टाफ. डॉक्टरला तुझं पाकीट दिसत नाही. तू 'घरी विचारते' म्हणालीस की त्यांना वाटतं घरच्यांशी बोलायचंय. तेच तू म्हणाली असतीस की 'डॉक्टर, माझ्याकडे आज एवढेच आहेत, एवढ्यात याच्यासाठी काय करता येईल', तर बोलणं दुसऱ्याच वाटेला लागलं असतं. समोरून काय उत्तर आलं असतं ते मी छातीठोकपणे नाही सांगू शकत, सगळे डॉक्टर सारखे नसतात. पण निदान दुखणं थांबवायचं इंजेक्शन, सुईने लघवी काढून मूत्राशयावरचा ताण कमी करणं, असलं काहीतरी विचारात आलं असतं.

आणि हे मी मनाचं सांगत नाहीये. २०१० साली अशाच बोक्यांवरचा एक अभ्यास छापून आला होता, ज्यांच्या मालकांना नेहमीची ट्रीटमेंट परवडत नव्हती आणि ज्यांना एरवी पुट डाऊनच केलं असतं, म्हणजे इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं असतं. कॅथेटर न घालता वेदनाशामक आणि शांत करणारी औषधं, गरजेप्रमाणे सुईने लघवी काढणं, कातडीखाली सलाईन, आणि एका शांत अंधाऱ्या खोलीत ठेवून देणं, बस. १५ पैकी ११ बोके स्वतःहून लघवी करायला लागले. फार गंभीर झालेले बोके त्यात घेतले नव्हते आणि हे सगळं डॉक्टरच्या देखरेखीखाली, त्यामुळे घरी करायची गोष्ट मुळीच नाही. कुत्र्यांच्या पार्व्होचंही (उलट्या-जुलाबाचा जीवघेणा व्हायरस) तसंच, ॲडमिट करून सुमारे ९०% वाचतात आणि रोज क्लिनिकमध्ये नेऊन आणून केलेल्या ट्रीटमेंटमध्ये सुमारे ८०% वाचल्याचं एका अभ्यासात दिसलं. दहाचा फरक आहे, नाही म्हणत नाही, पण ज्याच्याकडे ॲडमिटचे पैसे नाहीत त्याच्यापुढे ९० आणि ८० असा प्रश्नच नसतो ना, ८० आणि जवळपास काहीच नाही असा असतो.

म्हणून पुढच्या वेळी (पुढची वेळ येऊ नये, पण चिमी आहे ना घरात) दारातून आत गेल्यावर आकडा आधी तू सांगायचास. रिसेप्शनवर नको वाटत असेल तर 'डॉक्टरांशी दोन मिनिटं बाजूला बोलायचंय' म्हण. मग विचार की आत्ता जीवाला धोका नेमका कशाने आहे, दुखणं थांबवायला सगळ्यात आधी काय लागेल, यातलं काय उद्यावर ढकललं तर चालेल, आणि एस्टिमेटमधली कुठली टेस्ट अशी आहे की तिचा रिपोर्ट काहीही आला तरी ट्रीटमेंट तीच राहणार. हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो, त्यावर चांगला डॉक्टर थांबतो आणि कागदावरच्या एक-दोन ओळी स्वतःच खोडतो. हप्ते चालतील का तेही तिथेच विचारायचं, रडत नाही, सरळ. जवळपास व्हेटर्नरी कॉलेजचं हॉस्पिटल किंवा ट्रस्टचा दवाखाना असेल तर तिथे बऱ्याचदा स्वस्त पडतं, त्यांचा नंबर आणि रात्रीची वेळ आजच फोनमध्ये टाकून ठेव. मदत करणाऱ्या संस्थांपैकी बऱ्याच आधीच भरलेल्या बिलाचे पैसे देत नाहीत, त्यामुळे फोन ट्रीटमेंट चालू असतानाच करायचा. लोकांकडून पैसे गोळा करायची वेळ आली तर बिलाचा फोटो टाकून थेट क्लिनिकच्या खात्यात भरायला सांग, लोक विश्वासाने देतात. इन्शुरन्स आजारी पडल्यावर काढून उपयोग नसतो, आधीपासूनचा आजार त्यात सहसा बसत नाही, आणि बऱ्याच पॉलिसीत आधी आपण भरायचं, मग ते परत देणार, म्हणजे रात्री दोन वाजता हातात पैसे लागतातच.

आणि पैसे वाचवायला घरचे उपाय कधीच नाहीत. माणसांची पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. ब्लॉक झालेल्या बोक्याचं पोट दाबून लघवी काढायला जाऊ नये, मूत्राशय फुटू शकतं.

समज सगळं विचारून झालं आणि तरीही जमत नाहीये, तेव्हा वेदना न होता शांतपणे जाऊ देणं हाही उपचारच आहे. तो मागायला लाज वाटू देऊ नकोस. घरी नेऊन वाट बघण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

डॉक्टरांवर राग असेल तर तोही समजते, तू लिहिलं नाहीस पण ओळीओळीत आहे. रात्रीचा स्टाफ, ऑक्सिजन, मशिनं, औषधं हे सगळं त्या बिलातूनच निघतं आणि समोर बसलेली डॉक्टर बऱ्याचदा तिथे पगारावर असते, दर तिने ठरवलेले नसतात. तिलाही ते बोके असेच परत जाताना दिसतात. उपचार माहीत असून करता येत नाहीत आणि वर पैशाला हपापलेली म्हणून शिव्या, हे त्या धंद्यातलं फार मोठं दुखणं आहे. अर्थात काही ठिकाणी आकडा फुगवतात, तेही खरंच आहे, आणि काही डॉक्टर स्वस्तातला पर्याय स्वतःहून तोंडातून काढत नाहीत, ती त्यांची चूक. पेशंट आणणारी बाई घाबरलेली आहे हे दिसत असताना पैशाचं त्यांनीच आधी विचारायला हवं असं माझं मत आहे.

जाऊबाईंचं काय करायचं? काही नाही. ऐपत नसेल तर पाळू नये हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण रात्रीच्या इमर्जन्सीचं बिल चांगल्या कमावत्या घरांनाही झोपवतं, आणि मांजर आणलं तेव्हाची परिस्थिती चार वर्षांनी तीच राहील याची लेखी हमी कुणाकडे असते? तू रोज खायला घातलंस, ट्रे साफ केलास, आजारी पडल्यावर नेलंस. फक्त आता लगेच तिसरं पिल्लू आणू नकोस, तेवढं मात्र मी तुला स्पष्ट सांगते.

चिमीला देऊ नकोस. माद्यांची नळी रुंद असते, त्यामुळे असा ब्लॉक त्यांच्यात क्वचितच होतो. तिला पाणी भरपूर जाईल असं बघ, ओलं खाणं दे, ट्रे स्वच्छ आणि निवांत जागी ठेव, वजन वाढू देऊ नकोस. दर महिन्याला जमेल तेवढे, अगदी किरकोळ का असेनात, तिच्या नावाने बाजूला टाकत जा.

आणि क्लिनिकचा तो फोन उचल. किंवा आज तूच कर. 'महिन्याला एवढे देऊ शकते' असा एकच आकडा सांग, जो तुला खरंच पेलवेल, मोठेपणाने वाढवू नकोस. बहुतेक क्लिनिकना बुडणाऱ्यापेक्षा हळूहळू देणारा चालतो. चिमीचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर त्याच फोनवर त्याची फी पण विचारून घे, कारण ते न केलेल्या माद्यांना गर्भाशयात पू होऊ शकतो, आणि ती पुन्हा रात्रीची इमर्जन्सी असते, या ऑपरेशनपेक्षा कितीतरी जास्त बिलाची.

– ताई